आई, मावशी आणि बदकाची बोट

माझी आई आणि माझी मावशी तीन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या, आणि त्याला कारण होती कोलंबी.

(कोलंबीचा यात काही दोष नाही. ती बिचारी आधीच कालवणात गेली होती.)

झालं असं, की उरणला आम्ही नवीन घर बांधलं. वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवशी, देवाधर्माचं सगळं आटोपल्यावर, आईने स्वतः कोलंबीचं कालवण केलं. पंगत बसली. पंगतीत सुमन मावशी होती. ही आईची पाठची बहीण, माणगावकडच्या एका खेड्यात दिलेली. तिने पहिला घास घेतला, जरा थांबली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ताई, आंबट जास्त झालंय गं."

बस. एवढंच! आई वाढता वाढता थांबली. डाव हवेत. म्हणाली, "तुझ्या घरी पाहुण्यांना कोलंबी मोजून वाढतात. तुला काय चव कळणार?"

मावशी उठली. हात न धुता पिशवी उचलली, काकांना, म्हणजे स्वतःच्या नवऱ्याला, अर्ध्या भाकरीवरून उठवलं आणि तडक निघाली. काका दारापर्यंत गेले तरी त्यांची मान ताटाकडेच वळलेली होती.

तेव्हापासून बंद. फोन नाही, निरोप नाही, संक्रांतीचा तिळगूळ नाही. मधे मावशीच्या मुलाचं लग्न झालं. आम्हाला पत्रिका आली, पण मावशीचा आईला फोन आला नाही. आई म्हणाली, "माझं डोकं दुखतंय, तुम्ही जाऊन या." आम्ही गेलो. सख्ख्या भाच्याचं लग्न लागताना सख्खी मावशी हजर नाही, हे मला जेवणापर्यंत खटकत होतं. (जेवण चांगलं होतं, म्हणून जेवणापर्यंतच.)

शेवटी मागच्या थंडीत मी ठरवलं, की पुरे झालं, आता यात मीच काहीतरी केलं पाहिजे. बायकोला सांगितलं. माझी बायको वैशाली चपाती लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "अहो, बहिणी-बहिणींचं आहे ते. तुम्ही मध्ये पडू नका."

मी तेव्हाच ऐकायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात एक योजना आली होती, आणि माझ्या डोक्यात योजना क्वचित येत असल्यामुळे आलेली वाया घालवणं जिवावर येतं. मी विचार केला, जमिनीवर माणूस रुसून उठून जाऊ शकतो. पण बोटीतून कुठे जाईल?

माणगावच्या पुढे एका धरणाच्या पाण्यावर कुणीतरी बोटिंग सुरू केलंय. झाडाखाली बसायला जागा, चूल मांडायला परवानगी, गरी टाकून मासे धरायची सोय. एक दिवस निवांत घालवायचा, पाणी बघायचं, मासे धरायचे, तिथेच भाजून खायचे. कुणाचंही मन विरघळेल! मी काकांना फोन केला. म्हटलं, "तुम्ही मावशीला फिरायला म्हणून घेऊन या. आई येणार हे सांगू नका. मी पण आईला सांगत नाही."

"मना यात घेऊ नको," काका म्हणाले. मग, "जेवायला काय हाय?"

रविवारी आम्ही पोचलो तेव्हा काका आणि मावशी आंब्याच्या झाडाखाली सतरंजी टाकून बसले होते. आई गाडीतून उतरली. मावशीने मान वर केली. दोघींनी एकमेकींकडे असं पाहिलं, जसं आपण एसटी स्टँडवर कुणाचं तरी बेवारस गाठोडं पाहतो.

"बाळ्या," आई म्हणाली, "गाडी वळव."

(मी शेहेचाळीस वर्षांचा आहे. न्हावा शेव्याला माझे कंटेनरचे ट्रेलर चालतात. ड्रायव्हर मला शेठ म्हणतात. पण आई आणि मावशीसाठी मी बाळ्या. त्याला इलाज नाही.)

"आता आलोय तर बसू थोडा वेळ," मी म्हटलं.

तिकडून मावशी काकांना म्हणाली, "उठा. घरी गुरं खोळंबलीत."

"आपली गुरं कधीच इकली," काका म्हणाले. त्या दिवसात काकांनी मला केलेली ही एकमेव मदत. त्यानंतर ते सतरंजीवर आडवे झाले ते थेट जेवायला उठले.

मी तेवढ्यात घाईघाईने बोटींकडे गेलो. बोटी होत्या बदकाच्या. पांढरं अंग, पिवळी चोच, लांब पापण्या काढलेले मोठे डोळे. चार जणांची बोट, पुढे बसणाऱ्या दोघांनी पायाने सायकलसारखी मारायची. मधे वळवायला एक दांडा. मी म्हटलं, चाळीस फुटी ट्रेलर अरुंद गल्लीतून उलटा घेतो मी, हे बदक काय चीज आहे!

"आई, बसणार का?"

"ती बसणार असंल तर मी न्हाय."

"मावशी?"

"मी बसणार! मी कशाला कुणाला घाबरू? ज्याला नसंल बसायचं त्याने बसावं काठावर."

"बाळ्या," आई म्हणाली, "मी आधी बसणार."

अशा रीतीने, एकमेकींच्या जिद्दीवर, दोघी बदकात चढल्या. आई पुढे माझ्या शेजारी, मावशी मागे. वैशालीने "मी भात टाकते" म्हणून अंग काढून घेतलं. बोटवाल्याने तिघांना फुगीर केशरी जाकिटं दिली. आई घालेना. म्हणे, "मी काय पिशवी हाय?" मागून मावशीचा आवाज आला, "बाळ्या, तिला सांग, घाल म्हणावं. बुडली तर लोक माझं नाव घेतील."

आईने जाकीट घातलं. ते मावशीचं ऐकून नव्हे, मावशीला पुढे बोलायला जागा राहू नये म्हणून. माझ्या जाकिटाचा पट्टा पोटावर पोचेना. मी तो तसाच सोडला. बोटवाला म्हणाला, "साहेब, पट्टा लावा." मी म्हटलं, "अरे, समुद्रकाठची माणसं आम्ही!"

(समुद्रकाठची खरी. पण मला पोहता येत नाही. मासाही मी फक्त बाजारातून धरलाय, आणि तोसुद्धा महाग.)

निघालो. पाणी छान होतं, ऊन कोवळं होतं, लांब डोंगर निळे दिसत होते. आणि बोटीत असा संवाद चालला होता:

"बाळ्या, तिला सांग, हात बोटीच्या बाहेर काढू नको म्हणावं."

"मावशी, आई म्हणते..."

"ऐकलं मी. बहिरी न्हाय झाले. तिला सांग, माझा हात हाय."

"आई, मावशी म्हणते, तिचा हात..."

"व्हय का? मग मगरीने तोडला तर माझ्याकडं रडत यायचं न्हाय म्हणावं."

"आई, इथं मगर नाही."

"तू मध्ये बोलू नको!"

मी दोघींच्या कचाट्यात बसलो होतो. पायडल मारत होतो, दांडा सांभाळत होतो आणि निरोप पोचवत होतो. जगात एवढ्या जवळच्या अंतरावर एवढी टपालसेवा कुणी दिली नसेल. शिवाय माझ्या वजनामुळे बदक माझ्या बाजूला कललेलं, त्यामुळे ते सरळ जाईना, गोल फिरायला लागलं. आई म्हणाली, "ह्येच झाड मी आत्ता बघितलं." मी म्हटलं, "तळ्याला प्रदक्षिणा घालतोय आपण."

मग मावशीने काकांची बांबूची गरी काढली. काठीला दोरा, दोऱ्याला हुक, हुकाला कणकेचा गोळा. तिने दोरा पाण्यात सोडला. आई मान न वळवता म्हणाली, "बाळ्या, तिला सांग, अशी गरी टाकली तर मासा काय, बेडूकसुद्धा लागणार न्हाय."

"तिला सांग, मग तिने टाकावी."

"तिला सांग, मना गरज न्हाय."

इथे मी मोठी चूक केली. मला वाटलं, एक मासा लागला ना, की दोघी हसतील. हसल्या की बोलतील. बोलल्या की संपलं! मी म्हटलं, "द्या इकडे, मी दाखवतो." काठी घेतली, अर्धवट उभा राहिलो, टीव्हीत दाखवतात तसा हात मागे नेला आणि जोरात पुढे फेकला.

लगेच जड लागलं.

"लागला!" मी ओरडलो. "मोठा लागला!"

काठी वाकली. मी सगळा जोर लावून हिसका दिला. आणि माझ्या डोक्यावरून, हवेत गोल फिरत, एक मोठी काळी केसाळ वस्तू उडत गेली आणि बदकाच्या चोचीपुढे पाण्यात पडली. मला क्षणभर खरंच वाटलं, की या धरणात केसाळ मासे असतात.

मग मी आईकडे पाहिलं.

ते आईचं गंगावन होतं. खोटे केस. दोन वर्षांपूर्वी आईला टायफॉइड झाला, पंधरवडाभर दवाखान्यात होती, त्यात तिचे केस गेले ते पुन्हा नीट आलेच नाहीत. आमच्या आईचे केस म्हणजे गावात सांगण्यासारखी गोष्ट होती, अंबाडा घातला की दोन गजरे लागायचे. तेव्हापासून ती गंगावन लावायची, आणि ते घरात मला आणि वैशालीला सोडून कुणाला माहीत नव्हतं. तिने आमच्याकडून शपथा घेतल्या होत्या. आता ते पाण्यावर तरंगत होतं, आणि आईच्या डोक्यावर चार पांढऱ्या बटा उरल्या होत्या.

आणि नेमकं त्याच वेळी शेजारून दुसरं बदक आलं. त्यात कॉलेजातली चार पोरं-पोरी, मोबाईल वर धरून फोटो काढणारी!

आईने डोकं गुडघ्यात घातलं. तिला पदर सापडेना, तो जाकिटाखाली अडकलेला. मी दगडासारखा उभा. तेवढ्यात बोट हलली. मागून मावशी उठली, पुढे वाकली, आईचा पदर जाकिटातून ओढून काढला, तिच्या डोक्यावरून घेतला, दोन्ही कानांमागे नीट खोचला, आणि त्या पोरांवर ओरडली, "काय बघता? आमच्या ताईला ऊन लागलंय! जावा पुढं!"

पोरं अशी पळाली, की त्यांचं बदक खरं असतं तर उडालंच असतं.

मावशीचा हात अजून आईच्या डोक्यावर होता.

"ताई," मावशी म्हणाली. आवाज अगदी बारीक. "केस कुठं गेले गं तुझे?"

आईने मान वर केली नाही. म्हणाली, "बाळ्या, तिला सांग, टायफॉइड झालेला."

"बाळ्याला काय सांगते?" मावशी म्हणाली. "मना सांग! मना का न्हाय सांगितलं कुणी?"

आता तुम्हीच सांगा. तीन वर्षांनी दोन बहिणी बोलत होत्या. माझी योजना सफल झाली होती! माझ्या जागी कुणाही शहाण्या माणसाने काय केलं असतं? गप्प बसला असता. डोंगर बघत राहिला असता. पण मला वाटलं, आईचं गंगावन परत मिळवून देणं हे माझं कर्तव्य आहे. मी म्हटलं, "आई, काळजी करू नको! मी काढतो!"

दोरा अजून गंगावनाला होताच. मी घाईघाईने पायडल मारून बोट तिकडे न्यायला लागलो. दोरा बोटीखाली गेला आणि पायडलने फिरणाऱ्या पंख्यात गुंडाळला गेला. त्याच्यामागून गंगावन पंख्यात गेलं. खर्र असा आवाज आला आणि बदक जागच्या जागी थांबलं.

"आता काय केलंस?" आई.

"काही नाही. थोडं अडकलंय." मी बाजूने खाली वाकलो, पंख्याकडे हात नेला. बोट आधीच माझ्या बाजूला कललेली. पुढचं सांगायची गरज नाही.

पाणी थंड होतं. न लावलेलं जाकीट माझ्या कानांपर्यंत वर आलं, त्यामुळे मला काही दिसेना, नुसतं केशरी दिसत होतं. मी हातपाय मारत ओरडलो, "वाचवा! मेलो! वाचवा!"

"सुमे!" आईची किंकाळी. "सुमे, धर गं त्याला!"

"धरलं! ताई, तू माझी कंबर धर!"

मावशीने माझी कॉलर धरली, आईने मावशीला धरलं, आणि दोघी मला ओढायला लागल्या. ज्या बाजूने ओढत होत्या त्या बाजूने बदक पाणी प्यायला लागलं. काठावरून बोटवाला शिट्टी वाजवत ओरडत होता, "साहेब, उभे राहा! उभे राहा!"

मला त्याचा भयंकर राग आला. मी बुडतोय, आणि हा मला राष्ट्रगीत लागल्यासारखं उभं राहायला सांगतोय!

"अरे बाळ्या, उभा रहा!" मावशीने माझी कॉलर सोडली.

मी उभा राहिलो. पाणी कमरेपर्यंत होतं. गोल फिरता फिरता आम्ही काठाजवळच्या जुन्या भातखाचरावर आलो होतो.

बोटवाला म्हणाला, पंखा अडकलाय, तुम्ही खाली उतरलाच आहात तर ढकलत आणा. (उतरलाच आहात! शब्दांची निवड बघा!) मग मी चिखलात एक चप्पल सोडून, दुसरी पायात ठेवून, त्या बदकाला मागून ढकलायला लागलो. आई आता मागच्या बाकावर मावशीशेजारी जाऊन बसली होती. दोघींची पाठ माझ्याकडे. माझ्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं.

"सून कशी हाय गं?" आईने विचारलं.

"चांगली हाय. तुझ्यासारखी उंच हाय. तू बघितलीच न्हायस."

"त्या दिवशी मी साडी नेसून बसले होते," आई म्हणाली. "मोरपंखी. हे लोक गेल्यावर नेसले. म्हटलं, तुझा फोन आला तर गाडी करून जाईन. दुपारपर्यंत बसले. मग बदलली."

मला हे माहीत नव्हतं. त्या दिवशी आम्ही परत आलो तेव्हा आई रोजच्या साडीत तांदूळ निवडत होती.

मावशी आईकडे वळली. मग म्हणाली, "आणि मी हॉलच्या दाराशी येऊन येऊन रस्ता बघत होते. लोक म्हणायला लागले, अजून कोण यायचंय? मी सांगितलं, कोण न्हाय."

मी ढकलणं जरा हळू केलं. काठ जवळ येत होता, आणि मला तो इतक्यात यायला नको होता. थंडीने दात वाजत होते, पायाला काहीतरी चावत होतं, तरी मी अगदी सावकाश चालत होतो.

"बाळ्या!" आई ओरडली. "झोपलास काय? ढकल की!"

काठाला लागलो. वैशाली टॉवेल घेऊन उभी होती. तिने फक्त माझ्या एका चपलेकडे पाहिलं. बोट बघायला आलेले दहा-पंधरा लोक जमले होते, ती मघाची कॉलेजातली पोरंही होती. बोटवाल्याने बदक कलतं करून पंख्यातून दोरा सोडवला, आणि ओलं, चिखलाने भरलेलं गंगावन दोन बोटांत धरून सगळ्यांसमोर उंच केलं.

"हे काय आहे? कुणाचं आहे हे?"

आईने पदर घट्ट धरला. तिचा चेहरा मला बघवेना.

"माझं हाय," मावशी म्हणाली.

पुढे झाली, ते त्याच्या हातातून घेतलं, धुणं पिळावं तसं सगळ्यांदेखत पिळलं आणि पिशवीत टाकलं. पोरं हसली. मावशीची स्वतःची वेणी वयाच्या साठीतही कमरेखाली जाते. कुणाला पटण्यासारखं नव्हतंच. पण तिने मान इतकी ताठ ठेवली होती, की पुढे कुणी विचारलं नाही.

जेवताना दोघी एका ताटात जेवल्या. मासा एकही मिळाला नव्हता, नुसता डाळभात होता. मावशी म्हणाली, "ताई, तुझ्या हातची कोलंबी खाऊन किती दिवस झाले!" आई म्हणाली, "ये उद्या. पण आंबटच असंल." मग दोघी हसल्या, आणि हसता हसता आईने डोळ्याला पदर लावला. म्हणाली, धूर लागला. चूल तेव्हा विझलेली होती.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. समेट झाला याचा आनंद आहे, पण मनातून रुखरुख जात नाही. दवाखान्यातले ते दिवस आई एकटी भिंतीकडे तोंड करून पडायची, तेव्हा शेजारी मावशी असती. लग्नाच्या फोटोंत दोघी शेजारी शेजारी असत्या. तीन वर्षं आम्ही सगळे शहाणे "त्यांचं त्या बघतील" म्हणून बसलो. एक फोन कुणीही लावू शकला असता. त्यासाठी बदकाची काही गरज नव्हती.

आता मावशी महिन्यातून एकदा आमच्याकडे राहायला येते. दोघी रात्रंदिवस बोलतात. बोलण्याचा विषय बहुतेक मी असतो.

परवा सगळ्यांनी किहीमला जायचं ठरवलं. आई, मावशी, वैशाली, मावशीची सून, इतकंच काय, काकासुद्धा! मी कपडे करून, डोक्यावर टोपी घालून गाडीची चावी शोधत होतो. आई म्हणाली, "तू कुठं निघालास? तिथं समुद्र हाय." मी म्हटलं, मी काठावर बसेन. ती म्हणाली, "काठावर तर तू त्या दिवशीही होतास." मग त्यांनी भाड्याची गाडी बोलावली आणि मला घर सांभाळायला ठेवलं.

गाडीत बसता बसता मावशीने काच खाली केली. "बाळ्या, घरात कुणी न्हाय. अंघोळ करताना जपून कर हो."

उगाच धोका कशाला? त्या दिवशी मी अंघोळच केली नाही.